मेंदीच्या गाण्याला श्रद्धांजली

"संगीताला मरण नाही!" ब्याण्णव साली रोह्याच्या कॉलेजात व्याख्यानाला आलेले पाहुणे गरजले, आणि पाचव्याच मिनिटाला त्यांनी एक गाणं मारून टाकलं. कोकणातल्या ज्यू बायकांचं मेंदीचं गाणं. ते म्हणणारी शेवटची बाई म्हणे इस्रायलला गेली. लगेच सगळ्यांना श्रद्धांजलीला उभं केलं. वर्गातल्या एकुलत्या ज्यू मुलीला, शीराला काही गप्प उभं राहवेना. शेवटी त्या शांततेतच तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, आमची आजी म्हणते की! आज सकाळीच, नारळ खवताना!"

पाहुणे तिच्या बाकापर्यंत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अगं बाळ, माझं पुस्तक छापायला गेलंय. ते बाहेर येईपर्यंत आजीला जरा दुसरं काही म्हणायला सांगशील?"