चुन्यातली काळी जागा

"तेवढी जागा सोड," मुकादम हिंदुराव म्हणाला. "बाकी समदी थप्पी पांढरी कर. खालची ही हातभर जागा काळीच ऱ्हाऊ दे."

बजाबाईनं चुन्याची बादली खाली ठेवली आणि त्यानं दाखवलेल्या जागेकडं पाहिलं. कोळशाच्या थप्पीच्या पायथ्याशी, अगदी जमिनीला लागून, चार ढेकळं उपसून काढल्यासारखा खळगा होता. जुना नव्हता. आज सकाळीच कुणीतरी केलेला दिसत होता.

सोलापूरच्या लोको शेडमागं मालगाडीच्या वाघिणींतून उतरलेला कोळसा असा थप्प्या लावून ठेवत. वरून चुना मारला, की कुणी दोन ढेकळं उचलली तरी तिथं काळं दिसायचं आणि चोरी कळायची. थप्प्या रचायचा बजाबाईचा नवरा कुंडलिक, आणि चुना मारायची बजाबाई. सव्वीस सालच्या त्या उन्हाळ्यात वाघिणी लवकर मोकळ्या करायच्या म्हणून हिंदुरावानं ही थप्पी भलतीच उंच चढवली, आणि ती कुंडलिकच्या अंगावर ढासळली. त्याला बाहेर काढलं आणि कोळसा पुन्हा रचला. अजून दहावा व्हायचा होता. पण मुंबईहून साहेब चौकशीला येणार, म्हणून बजाबाईला सुतकातच घरून बोलावून आणलं होतं.

"ही जागा कशापायी सोडायची?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

हिंदुरावानं इकडंतिकडं पाहिलं. "हे बघ बाई. थप्पी लई उंच रचली म्हून पडली म्हटलं, की माजी बी नोकरी गेली आन् कारकुनाची बी. कुंडलिकनं खालनं कोळसा काढला म्हून पडली म्हटलं, की कुणाचंच काय जात न्हाय. गेलेल्या माणसाला कसली आलीय शिक्षा? तुजं काम चालू ऱ्हाईल. मी हाय की."

बजाबाईला सगळं कळलं. कळलं, पण कुठं लागलं नाही. तिनं कुंचा बादलीत बुडवला.

शिडीवरून चुना मारत ती वरून खाली आली. एरवी बोटांच्या भेगांत चुना शिरला, की डोळ्यांत पाणी यायचं. आज बोटं दुसऱ्याचीच असावीत तशी चालत होती. खळग्यापाशी आल्यावर कुंचा कडेनं वळला. जागा काळी राहिली.

पाट्या वाहणारी बसम्मा जाता जाता थांबली. ती अक्कलकोटाकडची, बोलणं कानडी वळणाचं.

"अव्वा, यवढंच का सोडलीस गं?"

"मुकादम म्हनला."

बसम्मानं खळग्याकडं पाहिलं. मग बजाबाईच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं, आणि पुढं काही न विचारता निघून गेली.

दुपारी साहेब आला. बरोबर कोळशाचा हिशेब ठेवणारे कारकून वेणीमाधवपंत होते. पडलेला भाग पुन्हा रचून घेतला आहे, चोरीची जागा मात्र साहेबांना बघायला म्हणून तशीच ठेवली आहे, असं पंतांनी इंग्रजीत हातवारे करून सांगितलं. साहेबानं वाकून पाहिलं, छडीचं टोक खळग्यात घालून पाहिलं आणि काहीतरी विचारलं. पंत बजाबाईकडं वळले.

"साहेब विचारताहेत, तुझा नवरा इथून कोळसा नेत होता का? नुसतं हो म्हण."

बजाबाई साहेबाच्या धूळ बसलेल्या बुटांकडं बघत राहिली. बोलली तेव्हा तो आवाज कुठून आला हे तिलाही कळलं नाही.

"आमच्यात गवऱ्यांवर रांदत्यात, सायेब. ह्यो कोळसा आमच्या चुलीत पेटतच न्हाय. धनी तर घरला येताना अंगावरली भुकटी बी दारातच झाडायचं."

पंतांनी उपरण्यानं मान पुसली. मग साहेबाकडं तोंड केलं.

"येस, सर."

तिचं एवढं बोलणं इंग्रजीत तेवढ्यातच मावलं. आणि तेवढं इंग्रजी यार्डातल्या सगळ्यांनाच येत होतं.

साहेबानं मान हलवली. जाताना तिच्यासमोर थांबून त्यानं टोपीला हात लावला, आणि गेला.

बजाबाई खळग्यापाशी उकिडवी बसली. बादलीच्या तळाला उरलेला चुना तिनं कुंच्यानं खरवडून घेतला आणि ती जागा पांढरी केली. हिंदुराव लांबून बघत होता. त्याचं काम झालं होतं. त्यानं तिला अडवलं नाही.

उन्हं उतरता उतरता मालगाडीचं इंजिन कोळसा घ्यायला येऊन उभं राहिलं. हिंदुरावानं त्याच थप्पीला फावडी लावायला सांगितली. चौकशी आटोपली होती, आता ती राखून ठेवायचं कारण उरलं नव्हतं. बायकांची रांग लागली. रांगेत एक पाटी कमी पडत होती, ती बजाबाईनं उचलली. अर्धवट वाळलेल्या चुन्यानं माखलेली कोळशाची ढेकळं फावड्यांनी पाट्यांत पडत होती आणि पाट्या इंजिनामागच्या डब्यात रित्या होत होत्या.

बजाबाईची पाटी बसम्मानं डोक्यावर चढवून दिली. हात मात्र लगेच काढला नाही.

"सकाळपास्नं लावलीस की गं. समदं चाललं बघ."

"दुसरी रचत्याल की," बजाबाई म्हणाली.

"कोण रचनार?"

बजाबाईनं मान ताठ केली, पाटीचा तोल सावरला, आणि पुढच्या बाईच्या मागं चालू लागली.