पाइपापलीकडचा डाव

“झोपला का, केवल?”

मारोतरावांनी पाइपाला तोंड लावून विचारलं. थोड्या वेळानं उत्तर आलं, “नाही. डोये मिटून राहिले फक्त.”

“मिटू नको. खेळी सांग.”

भिलाईच्या नव्या वसाहतीसाठी बोरसीजवळ पाण्याची लाइन टाकणं चालू होतं. खोल चर सकाळी मधोमध ढासळला. दोन टोकांना दोघे फिटर, मधे मातीचा ढीग. त्यातून आरपार गेलेला लोखंडी पाइप तेवढा मोकळा होता. मारोतरावांच्या डोक्यावर फळ्या आणि माती बसली होती; एका फळीखाली त्यांचा पाय अडकला होता, पण दुखत नव्हता. केवलरामची काळजी होती. कमरेपर्यंत गाडलो, गुंगी येते, मला जागं ठेवा, असं त्यानं पाइपातून सांगितलं होतं. अशा वेळी झोप लागली की माणूस उठत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

म्हणून हा डाव. क्लबातल्या बुद्धिबळाचा अंतिम सामना रविवारी दोघांतच होता. तो आत्ताच, तोंडी खेळायचा. हरेल त्यानं मागून कुरकुर करायची नाही, ही केवलरामची अट.

पांढऱ्या सोंगट्या मारोतरावांकडे. त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. केवलरामनं वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं टाकलं. कारखान्यावरच्या रशियन इंजिनिअरांकडून उचललेला हा सिसिलियन बचाव. नावाला बचाव, पहिल्या खेळीपासून भांडण. लवकरच त्याचा वजीर मारोतरावांच्या गोटात घुसून घोड्यापुढचं प्यादं खाऊन बसला.

अंधारात पट डोळ्यांपुढे धरणं मारोतरावांना जड जात होतं. कपाळावरून चिकट घाम डोळ्यात उतरायचा. उंट कुठे ठेवला ते विसरायचे. केवलराम मात्र दर वेळी अचूक सांगायचा. एवढ्या हालातही पोराचं डोकं शाबूत आहे, असं त्यांना वाटलं.

पाइपातून बिडीचा वास आला.

“बिडी ओढून राहिला का? हवा किती उरली हाय तिथं?”

“विझवली, मारोतराव.”

मग पलीकडे शांतता. मारोतरावांनी घाबरून पाइपावर दगड ठोकला.

“केवल! तुहा वजीर कोंडला. आता कसा काढशीन?”

“काढीन न. तुमी पाहतच राहा.”

डोक्यावरची माती हलली. कुदळीचे घाव, मग उजेड, मग हात.

“मले मागून,” मारोतराव म्हणाले. “आधी केवलले काढा. कमरेपर्यंत गाडला हाय तो.”

एकानं त्यांच्या कपाळावरचं रक्त पुसलं आणि मागे वळून ओरडला, “जागे हायेत!” त्यांना उचलून खाटेवर ठेवलं. चराच्या दुसऱ्या टोकाला, पाइपाच्या तोंडाशी, केवलराम उन्हात पोत्यावर मांडी घालून बसला होता. पुढ्यात क्लबातला पट मांडलेला होता, आणि तो अजून कोंडलेल्या वजिराकडेच पाहत होता.