एकवीस पावलांची सलामी

“सलामी पुरी झाल्याबिगर काठी उचलाची नाई. समोर वैरी असो, नाई तं वाघ असो.”

हरिदास वस्तादाचा आवाज ऐकून पन्नास वर्षं झाली, तरी तानबाच्या कानात तो अजून तसाच खणखणत होता. आताही रोहण्याच्या शिवारात, धुऱ्यावर काठी घेऊन उभा असताना तो आवाज आला आणि तानबाचा उजवा पाय आपोआप पुढं सरकला. पहिलं पाऊल.

समोर अण्णाजी. त्याचाही पाय सरकला.

दोघं सत्तरीचे. एकाच आखाड्यातल्या मातीत लोळलेले. शेतं एकाला एक लागून, मध्ये हातभर रुंदीचा बांध, म्हणजेच धुरा. दरवर्षी नांगरटीच्या दिवसांत कुणीतरी कुणाचा तरी धुरा कोरी, दोघं काठ्या घेऊन निघत, आणि गाव पाहायला येई. पण एकवीस पावलांची सलामी संपेपर्यंत दोघांना इतका दम लागे की पुढं पाणी प्यायचं, तंबाखू मळायची आणि आपापल्या घरी जायचं, एवढंच उरे. इतक्या वर्षांत धुऱ्यावर एक टोला पडला नव्हता. पानठेलेवाला हेमराज म्हणे, “टोल्याची वाट पाहता पाहता माहे केस पिकले ना जी!”

यंदाची गोष्ट वेगळी होती. अण्णाजीच्या ट्रॅक्टरनं धुरा तर कोरलाच, वरून धुऱ्यावरचं बोरीचं झाड मुळासकट उपटलं. ते तानबाच्या मायनं लावलेलं. तिनं निंदायला जाताना त्याच झाडाला झोळी बांधून तानबाला निजवलं होतं. अंगभर काटे आणि ओटीभर गोडवा, असं ते झाड होतं. मायही तशीच होती. आता ते मुळं वर करून पडलं होतं आणि अण्णाजी त्यावर चकार शब्द बोलला नव्हता.

आज त्याची नडगी फोडायचीच, असं तानबानं ठरवलं होतं.

घरून निघताना त्याच्या बायकोनं, प्रमिलाबाईनं विचारलं होतं, “गुडघ्याले तेल लावून देऊ का जी? अकराव्या पावलाले बसा लागते तुमाले.”

“आज तेल नाई. आज रगत!” तानबा गरजला. मग हळूच पाय पुढं केला. “बरं, लाव थोडं.”

“पह्यलं पाऊल भुईले, दुसरं पाऊल आईले…” धुऱ्याशी जमलेल्या गर्दीतून हेमराजनं ताल धरला. वस्तादाचं हे गाणं सातव्या पावलाशी संपे. पुढं नुसते आकडे.

विशीत असताना तानबाला सातच पावलं येत. एकदा ती संपताच त्यानं आखाड्यात काठी अशी फिरवली, की अण्णाजीचे समोरचे दोन दात मातीत पडले. त्याच आठवड्यात तानबाला कावीळ झाली. महिन्यानं तो उठला तेव्हा वस्ताद गाव सोडून गेले होते. “तुले अर्धीच सलामी येत होती, म्हून माहे दात गेले,” असं म्हणत अण्णाजीनं उरलेली चौदा पावलं शिकवली. फार अवघड पावलं. नवव्याला बगळ्यासारखं एका पायावर उभं राहायचं. अकराव्याला गुडघा टेकून माती कपाळाला लावायची. सतराव्याला समोरच्याच्या काठीला काठी लावून विचारायचं, “घरचे समदे बरे हायेत ना?” एवढ्या कडक वस्तादाला हे मऊ पाऊल कसं सुचलं असेल, याचं तानबाला नेहमी नवल वाटे. मागल्या साली तर नात पास झाल्याचं सांगता सांगता भांडण कशाचं, हेच तो विसरला होता.

आज विसरायचं नव्हतं. आठ. नऊ. दहा. अकराव्याला त्यानं गुडघा टेकला, माती कपाळाला लावली आणि उठायला गेला.

गुडघा उठेना.

“अकरा,” हेमराज म्हणाला. थोडं थांबून पुन्हा म्हणाला, “अजून अकराच हाये जी.”

अण्णाजी उठून उभा होता. त्याची नडगी तानबाच्या नाकापुढं वीतभर अंतरावर होती. धोतराखाली उघडी, राखण नसलेल्या शेतासारखी. काठी तानबाच्या हातात. बसल्या बसल्या एक टोला, की माय समाधानी. त्याची मूठ आवळली. हेमराजनं श्वास रोखला. बायांनी पदर तोंडाला लावले.

पन्नास वर्षांपूर्वीचा तो आवाज पुन्हा आला.

तानबानं मूठ सैल केली. मग त्यानं काठी हळूच मातीवर ठेवली, निजलेलं लेकरू ठेवावं तशी.

“उठव बे मले, अण्णा. सलामी अधुरी राह्यली. आता पुढच्या साली मारतो तुले.”

अण्णाजीनं हात दिला नाही. तो उपटलेल्या झाडाकडं पाहत होता. मग त्यानं आपली काठी दूर फेकली, तानबासमोर मटकन बसला आणि धोतर वर करून नडगी पुढं केली.

“मार.”

“बयताडा, अकराच झाले ना! बिनसलामीचा मी कोणाले मारत नाई.”

“तुही सलामी कवाचीच पुरी झाली, तानबा.” दोन दातांच्या खिडकीतून अण्णाजीचा सुस्कारा बाहेर पडला. “वस्तादाची सलामी सातच पावलांची होती. बाकीची चौदा मी जोडली. सातात तुहा राग उतरत नाई, हे माह्या दातांले मालूम होतं.”