हाफ क्लचचा मास्तर

खोटं वाटलं तर वाटू दे. महालक्ष्मीच्या जत्रेमुळे चारोटी नाक्याच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. माझी नात निलम गाडी शिकत होती, मी आजी शेजारी बसले होते. चढावर गाडी मागे घसरून मागच्या टेम्पोचा दिवा फुटला. गुजराती टेम्पोवाल्याने उतरून टॉमीने, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी दांड्याने, आमचा आरसा फोडला, खिडकीतून हात घालून निलमची वेणी पिरगाळली. मी झेपावून हँडल फिरवून काच वर केली. त्याचा हात कोपरापाशी अडकला. तेवढ्यात पुढची गाडी हलली. निलमने घाबरून क्लच सोडला, गाडीने उडी मारली, त्याची कातडी सोलून रक्त उडालं. "मेलो, माजी! काच खोला!" मी म्हटलं, "आधी टॉमी फेक. मग पोरीला हाफ क्लच शिकव." टॉमी फेकून तो निलमला सांगू लागला, "बेन, क्लच धीरे सोड... तिथेच धर!" रडत तो नाक्यापर्यंत गाडीसोबत चालला, झटका एकही नाही. तिथे काच खाली करायला मी हँडल धरलं, तर तो किंचाळला, "थांबा! आधी तिला न्यूट्रल करायला लावा!"