चिलीचा फोन

"स्पीकरवर टाक गो. मला बी ऐकू दे," मैना लेकीला म्हणाली. बाजारातून आल्यावर तिनं मासळीची पाटीही धुतली नव्हती.

कल्पितानं स्पीकर लावला. पुढ्यात वही उघडी होती. मुंबईतल्या कॉल सेंटरच्या नोकरीसाठी वर्षभर ती रोज दहा इंग्रजी वाक्यं स्पॅनिशमध्ये करायची, मग इंग्रजी झाकून तीच पुन्हा उलटी फिरवायची. मैना वैतागायची. कसली ही मेली भाषा, थळ गावात कोण बोलणार हाय तुझ्याशी!

आता बोलणारं कुणीतरी होतं. कल्पिताचा भाऊ प्रज्योत मालवाहू जहाजावर काम करताना कोसळला होता. त्याला चिलीतल्या एका बंदरावर उतरवून तिथल्या इस्पितळात ठेवलं होतं. चार दिवस झाले, त्याला जहाजावर लावणारा मेला एजंट 'उपचार चालू आहेत' यापलीकडे बोलायला तयार नव्हता. शेवटी इस्पितळाचा नंबर तिनंच शोधून काढला.

काय विचारायचं ते तिनं आधी इंग्रजीत लिहून काढलं होतं, त्याखाली स्पॅनिश. मी प्रज्योतची बहीण. त्याला शुद्ध आली का? जेवतो का? शेवटचं वाक्य मैनाचं होतं, आई आठवण काढते म्हणून सांगा.

पहिलं वाक्य तिनं वाचलं. पलीकडची नर्स एकेक शब्द सुटा करत सावकाश बोलली.

एरवी कल्पिताच्या डोक्यात स्पॅनिशचं आधी इंग्रजी व्हायचं, मग मराठी. तेवढ्यात समोरचा पुढे गेलेला असायचा आणि ती स्वतःवरच चिडायची. या खेपेला काहीच करावं लागलं नाही. ऐकलं आणि कळलं. प्रज्योत आज पहाटे गेला.

देवा, एवढं चांगलं कशाला यायला लागलं मला, असं तिला वाटलं.

"काय म्हनते?" मैना पुढे सरकली. "आवाज किती मऊ हाय गो बाईचा! एवढ्या मायेनं बोलते म्हंजे बरा हाय ना माझा प्रज्या?"

कल्पितानं आईकडे पाहिलंच नाही.

"नीट ऐकू न्हाय आलं, आये," ती म्हणाली. फोन तोंडाशी नेऊन तिनं नर्सला स्पॅनिशमध्ये विनवलं, पुन्हा एकदा सांगाल का?

नर्सनं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षाही हळुवार.

"व्हय बाय, व्हय," मैना मान डोलवत फोनला म्हणाली.