वहीतले चार अंश

दुकानात नुसता फ्रिज असून भागत नाही, तो थंड आहे का हेही बघावं लागतं, असं औषधवाला चारुदत्त अख्ख्या रत्नागिरीला ऐकवायचा. त्याच्याकडची हेमा रोज दोनदा फ्रिजमधलं थर्मामीटर बघून आकडा वहीत उतरवायची. १९८६ च्या तपासणीत इन्स्पेक्टरांनीसुद्धा ती वही वाखाणली होती.

आज विमला लेकीला कडेवर घेऊन आली. "भाऊ, मे महिन्यात पोलिओचा डोस तुमच्याकडनंच नेलेला. तरी पोरीचा पाय लुळा पडला. डॉक्टर विचारतायत, औषध थंड होतं ना?"

चारुदत्त चपापला. "हेमा, वही काढ."

हेमाने मे महिन्याचं पान उघडून अभिमानाने पुढे धरलं. "बघा ना, रोज चार अंश!


वादळात पाच दिवस गावात वीज नव्हती, तेव्हासुद्धा काटा चारावरून हलला नाही."