खोडलेला शब्द

नाताळ तोंडावर आला की भेटवस्तू पाठवणाऱ्या त्या कंपनीत मान वर करायला फुरसत नसे. वेळ नसलेली मुलं फोनवर दोन बोटं फिरवत, आणि आईला शाल, चॉकलेटं आणि 'स्वतःच्या हाताने लिहिलेलं' कार्ड घरपोच मिळे. कार्डं लिहायचं काम नव्याने लागलेल्या बाईंकडे होतं. पत्ते दुसऱ्या टेबलावर चिकटवत, त्यामुळे कुठलं कार्ड कुणाला जातं हे त्यांना कळत नसे.

मजकूर ठरलेला. "प्रिय आई, यंदाही येणं जमत नाही. तुझी फार आठवण येते. तब्येतीला जप." बाईंनी त्यात आपली एक युक्ती घातली होती. दर कार्डात 'फार' हा शब्द मुद्दाम चुकवायचा, खोडायचा आणि वर पुन्हा लिहायचा. साहेब खूश झाले. म्हणाले, "बाई, याला म्हणतात माया."

नोकरी लागल्याचं त्यांनी परगावच्या मुलाला कळवलं होतं. कसली, हे विचारायला त्याला सवड झाली नव्हती.

संध्याकाळी घरी आल्या तर नवरा दारातच उभा. डोळ्यांवर चष्मा नाही, कार्ड नाकाला लावलेलं. "लेकाचं आलंय गं. अक्षर लागत नाही, पण एक शब्द खोडलाय बघ. म्हणजे स्वतः बसून लिहिलंय पोराने. वाच ना."



बाईंनी कार्ड हातात घेतलंच नाही. चपला काढता काढता सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.